गाळलेलं पत्र

"...मग यातलं सगळ्यांत मोठं वर्तुळ कुणाचं असेल, बाई? सांगा बघू."

हर्षल निंभोरकरने नकाशा टेबलावर पसरला. कोपरे उडू नयेत म्हणून त्यांवर बाईंचीच गोळ्यांची डबी आणि चष्म्याचं घर ठेवलं.

बाई म्हणजे डॉ. शरयू घैसास. तान्ह्या मुलांच्या डॉक्टर, आम्हा दोघांच्या गुरू. निवृत्त होऊन कुरुंदवाडला राहायला आल्या त्याला बरीच वर्षं झाली. माझा दवाखाना इथेच, म्हणून अधूनमधून त्यांचा रक्तदाब बघायला मी जातो. हर्षल मात्र पुढे गेला. मेडिकल कॉलेजात प्रोफेसर व्हायच्या उंबरठ्यावर होता, आणि त्या दुपारी खास गाडी काढून आला होता.

बाई नकाशाकडे बघत राहिल्या. नुसती रंगीत वर्तुळं आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. पोरांनी गोट्या सांडून ठेवाव्यात तसं दिसत होतं.

"हे काय आहे रे?"

"बिब्लिओमेट्रिक नकाशा. नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावर गेल्या चाळीस वर्षांत जेवढं संशोधन छापून आलं, तेवढं सगळं यात आहे. अकरा हजार निबंध. ज्याचा आधार जास्त लोकांनी घेतला, त्याचं वर्तुळ मोठं."

"अकरा हजार वाचलेस?"

"वाचायचे नसतात बाई. मोजायचे असतात."

मला हसू आलं. बाईंना नाही आलं.

हर्षलने मधल्या निळ्या वर्तुळावर बोट ठेवलं. "हे तुमचं. इंजेक्शनच्या वाढीव डोसचा तो निबंध. बेचाळीस बाळं. आजवर चारशे अकरा जणांनी आधाराला घेतलाय."

खोटं कशाला बोलू, त्या चारशे अकरांत एक मी. माझ्या प्रबंधाच्या शेवटी मीही त्याचं नाव घातलं होतं. वाचला नव्हता. दुसऱ्याच्या यादीतून उतरवून घेतला होता. आमच्यात हे चालतं, आणि कुणाला त्याची लाजही वाटत नाही.

"मंगळवारी मुंबईत समितीची बैठक आहे," हर्षल म्हणाला. "जिल्ह्याजिल्ह्यातल्या नवजात कक्षांसाठी डोस ठरवायचाय. माझा नकाशा समोर ठेवणार आहेत. तुमचाच डोस घ्या, असं मी सांगणार. म्हटलं, आधी गुरूंच्या पाया पडून यावं."

आणि तो खरंच वाकला.

बाईंनी पाय मागे घेतले.

"माझं दुसरं कुठाय यात?"

"दुसरं कुठलं?"

"त्याच मासिकात आलेलं. एक पानाचं पत्र."

"पत्रं घेत नाहीत बाई. पत्रं, दुरुस्त्या, संपादकीयं... सुरुवातीलाच चाळणी लावून काढून टाकतात. मी एकटाच नाही, सगळेच काढतात. नाहीतर फार कचरा येतो."

"कचरा," बाई म्हणाल्या.

...

फाटक वाजलं. पस्तिशीची एक बाई कापडाचं पुडकं घेऊन आत आली.

"कोण पाहिजे?" हर्षलने विचारलं.

ती चपला काढत होती.

"अहो, कोण पाहिजे?"

ती त्याच्या बाजूने निघून सरळ आत आली. हर्षल चिडला. "विचारतोय तर उत्तर द्यायची पद्धत नाही का इथे?"

बाईंनी हात वर केला. ती बघून हसली. पुडकं सोडून तिने शिवलेली पोलकी दाखवली, बाही एवढी लांब ठेवली म्हणून बोटांनी सांगितलं. बाईंनीही बोटांनीच सांगितलं, छान झालीय.

"ही हलीमा," बाई म्हणाल्या. "हिला तू ओळखतोस."

"मी? नाही."

"त्या निबंधातला दुसरा तक्ता. बाळ क्रमांक सतरा."

हर्षलला तो तक्ता पाठ होता. सतरापुढे शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पूर्ण बरे. घरी सोडले.'

"बरी होऊनच घरी गेली," बाई म्हणाल्या. "ताप उतरला होता. वजन वाढत होतं. हिला ऐकू येतंय का, ते बघायचं मला सुचलं नाही. दोन वर्षांनी हिची आई हिला घेऊन आली, पोरगी अजून बोलत का नाही म्हणून. मग मी बाकीची शोधली, गावोगाव जाऊन. बेचाळिसांतली नऊ त्या डोसने बहिरी झाली होती."

हलीमा आमच्या तोंडांकडे बघत होती. आपल्याविषयीच चाललंय हे तिला कळलं असावं. ती हर्षलकडे बघून हसली, पाहुण्याकडे बघून हसावं तशी. मला ते बघवलं नाही.

ती गेल्यावर हर्षलने विचारलं,

"पत्रात हेच लिहिलं होतं?"

"हेच. हा डोस कुणी देऊ नका, एवढंच."

हर्षलने लॅपटॉप काढला. शोधलं. सापडलं.

"दोघांनी आधाराला घेतलंय," तो हळू आवाजात म्हणाला. "आता घातलं तरी दिसायचं नाही, बाई. टाचणीच्या टोकाएवढं येईल."

...

"मग असं करतो. तुमचा निबंधच काढून टाकतो. कुणाला पत्ता लागणार नाही. तुमचं नावही..."

"तो राहू दे. समितीला सांग, ही बाई चुकली होती. आणि तुझ्या नकाशाने ते दाखवलं नाही, हेही सांग."

घोडं तिथेच अडलं.

"नकाशा छापून आलाय बाई. पुढच्या महिन्यात माझी मुलाखत आहे, ती याच कामावर. आता मीच उठून सांगू, की माझी चाळणी चुकली?" त्याने कपाळ पुसलं. "जरा दमानं घेतलं तर? या बैठकीत मी काही बोलत नाही. मुलाखत झाली की लिहितो. नीट, सविस्तर लिहितो."

मला वाटलं, आता बाई भडकणार. वॉर्डात एकेकाळी केसपेपर अंगावर यायचे आमच्या. पण त्या भडकल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच पाहिलं.

"माझीपण मुलाखत होती," त्या म्हणाल्या. "प्रोफेसरची. ती होऊ दिली. मग पत्र लिहिलं."

हर्षलने मान खाली घातली.

"आणि तोवर... ते इंजेक्शन?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"माझ्या वॉर्डात मी बंद केलं. गुपचूप. बाहेर चालूच होतं. माझंच नाव सांगून देत होते."

"किती बाळं असतील?"

"ती कुठल्याच तक्त्यात नाहीत रे."

...

हर्षलने नकाशा हळूहळू गुंडाळायला घेतला. अर्धा गुंडाळून झाल्यावर तो थांबला.

"बाई, एवढ्यात मला नाही ठरवता येत. थोडा वेळ द्या."

"मंगळवारला किती दिवस आहेत?"

"चार."

बाईंनी पदराने डोळे पुसले. मग त्याच्याकडे न बघता म्हणाल्या,

"मला चौदा महिने होते."