मखमलीतलं शास्त्र

ज्या काळी घरातल्या वस्तू एकमेकींशी बोलत, त्या काळी याकोबबाबा साळव्यांच्या घरात एक सागवानी पेटी होती. बाबांनी घराण्याचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मखमलीत गुंडाळून तिच्यात कुलूपबंद केलं होतं. “पोरांना ते कोरं करकरीत मिळालं पाहिजे,” म्हणत ते कुणाला हात लावू देत नसत.

त्यांच्या बायको राहेलबाई रोज सकाळी गवती चटईवर गुडघे टेकत आणि पाठ असलेली शास्त्रातली वचनं मुलांकडून म्हणवून घेत. चटईला गुडघ्यांची दोन भोकं पडली होती.

“वारसा माझ्या पोटात आहे,” पेटी तिला म्हणायची. “तुला तर पोतेऱ्यालाही कुणी घेणार नाही.”

“असेल बाई,” चटई म्हणायची.

आधी राहेलबाई गेल्या, मग बाबा. बाबांना माती देऊन आल्यावर मुलांनी पेटी उघडली. मखमल सोडताच लेक मार्था किंचाळली. आत नुसती वाळवीची माती होती. एक पान धड नव्हतं.

“अगं बाई! माझ्याच पोटात?” पेटी हादरली. “आणि मला पत्ताही नाही?”

“आता वाचायचं काय, दादा?” मार्था रडायला लागली.

 थोरल्या शमुवेलनं चटईवर गुडघे टेकले. ते बरोबर त्या भोकांत बसले, आणि त्याच्या तोंडून आईचं पहिलं वचन आलं. मार्थानं रडत रडत दुसरं म्हटलं. धाकट्यानं तिसरं.

वाळवीनं खाल्लेलं एकेक वचन जसंच्या तसं ऐकू येत होतं.

“अगं,” उघडी पेटी चटईला म्हणाली, “कुलूप तर माझ्याकडे होतं. मग हे यांना दिलं कुणी?”