शुभमंगल साव...

शपथेवर सांगतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. फार जुनं आहे, माझा जन्म व्हायचा होता.

सशाच्या लग्नाला भटजी म्हणून कासव ठरलं होतं. मुहूर्ताला पाच मिनिटं उरली, तरी ते नदीतच. नवरी म्हणाली, "मुहूर्त टळला तर मी निघाले माहेरी."

सशानं नवाकोरा मोबाईल काढून व्हिडिओ कॉल लावला.

"निघालोच," कासव पाण्यातूनच म्हणालं.

"निघू नका गुरुजी, तिथूनच म्हणा."

मोबाईलला नावं ठेवणारी म्हातारी घुबडंसुद्धा माना डोलवू लागली, इतकी मंगलाष्टकं झकास रंगली. पण "शुभमंगल साव" म्हणून कासव पडद्यावर थिजलं. अक्षता मुठीत, हार हातात, मुहूर्त निघून चाललेला.

"धान," नवरीच म्हणाली, आणि तिनं हार घातला.

यातलं अक्षरन् अक्षर खरं. त्या रानात रेंज होती, एवढंच माझ्या पदरचं.