तुळजेची पायली

"ज्याची कमाई, त्याचीच पायली!" असं महिपतराजाचं फर्मान होतं. त्यामुळे विणकर रखमाजीची बायको तुळजा जोंधळ्याची पायली डोक्यावर घेऊन कोठीच्या दारातून तशीच परतली.

कोठी होती म्हातारपणाची. हातपाय चालताहेत तोवर दरवर्षी पायलीभर जोंधळा घालायचा, थकल्यावर सरकारकडून जन्मभर शिधा मिळायचा. पण ज्याच्या नावावर पायली, तो गेला की शिधा बंद! रखमाजी तुळजेपेक्षा बारा वर्षांनी थोरला, त्यात दमेकरी. त्याच्यामागे आपली चूल कशी पेटणार, हा विचार तिला सोडेना. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, आडव्या सुताच्या कांड्या मी भरते. त्या धोट्यात घालून धनी शेला विणतात. मग माझी कमाई न्हाई का?"

"मजुरी कोणाच्या हातात पडते?"

"धन्यांच्या."

"मग कमाई त्याची!" राजा हट्टाला पेटला. "पाडव्याच्या मिरवणुकीला मला नवा शेला हवा. त्यातली त्याची कमाई निराळी काढून दाखव, तुझी निराळी. तरच तुझी पायली घेईन!"

दरबार खो खो हसला. तुळजा मात्र "जी" म्हणून घरी आली आणि नवऱ्याच्या हातात कांडी न घातलेला रिकामा धोटा दिला.

"अगं, याने काय विणू? डोकं फिरलं का तुझं?"

"मागावर फेकत राहा तुम्ही!"

पाडव्याला दरबारात दोन तबकं आली. राजाने ऐटीत पहिल्या तबकातला शेला उचलला, तर हाती आला नुसत्या उभ्या सुतांचा झुबका! अंगठ्यांत सुतं अडकली, ती सोडवता सोडवता महाराजांना घाम फुटला.

"हे काय गं?"

"धन्यांची कमाई! चार दिवस माग ठोकत होते बिचारे."

"आणि त्या तबकात?"

"रेशमाने भरलेल्या कांड्या. ती माझी! मिरवणूक खोळंबलीय, महाराज. कोणाची कमाई खांद्यावर घेता, बोला!"

राजाने झुबक्याकडे पाहिलं, कांड्यांकडे पाहिलं आणि तो पगडी तिरकी होईपर्यंत हसला.

"हरलो, बाई! दोघांची कमाई एक झाल्याशिवाय माझे खांदे काही झाकत नाहीत! आजपासून मजुरी एकाच्याच हातात पडली तरी नवराबायकोच्या नावावर दोन पायल्या कोठीत पडतील. तुझी यंदाची माझ्या घरातून! आता तरी शेला विणून आण."

"आणते की!" तुळजा जागची हलली नाही. "आधी पायली मोजा, महाराज!"

राजा पुन्हा हसत सुटला. त्या पाडव्याला तो जुन्याच शेल्यात मिरवला, पण पायली मात्र त्याने स्वतःच्या हाताने कोठीत ओतली.