पोचलं रेऽ

“रोज ओहोटीला इथे बसून तू ऐकतेस तरी काय, आजी?”

केलूने हे तिसऱ्यांदा विचारलं. आधी दोनदा विचारलेलं म्होरी आजीला ऐकूच गेलं नव्हतं.

लोखंड अजून कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. गुरू हा शब्दही नव्हता. गुरूच्या शिव्या मात्र होत्या, आणि त्या केलूने लहानपणापासून पोटभर खाल्ल्या होत्या. त्याचे आईबाप एकाच वादळात समुद्रात गेले, तेव्हा म्होरीने त्याला उचलून आपल्या झोपडीत आणलं. वाखाचा दोर वळायला, गाठ मारायला, गळ घासायला तिनेच शिकवलं.

पाण्याच्या अगदी कडेला म्होरीचा एक कातळ होता. त्यावर ती एकटीच बसायची, कानामागे हात धरून. दुसऱ्या कुणाला तिथे टेकू द्यायची नाही. शिकणाऱ्याने खाली वाळूत बसायचं.

केलू आज वाळूत बसला नव्हता. मूठ घट्ट मिटून उभा होता.

“ऐकते ते ऐकते. तुला काय करायचंय?” म्होरी म्हणाली. “मुठीत काय आहे ते दाखव आधी.”

केलूने मूठ उघडली.

शिंपल्याचा गळ. तसले गळ त्या वस्तीत घरोघर होते. पण याच्या टोकाला आतल्या बाजूने एक बारीक उलटा दात होता. मासा गिळायला गिळेल, पण सुटायला गेला की दात आणखी रुतेल.

म्होरीने त्यावरून बोट फिरवलं. रक्ताचा थेंब आला तशी ती खुदकन हसली.

“अगं बाई! हे कुणी दाखवलं तुला?”

“कुणी नाही. माझ्याच डोक्यातून निघालं. किती शिंपले फुटले, तेव्हा हा एक जमला.”

“गुणाचं गं माझं बाळ ते!”

तिने ते अगदी मनापासून म्हटलं. पण केलूला तेवढ्याने भागणार नव्हतं.

“आजी, संध्याकाळी सगळे जमतील ना, तेव्हा तू सांग. याला केलूचा गळ म्हणायचं. तू सांगितलंस की म्हणतील. तुझ्या गाठीला म्होरीची गाठ म्हणतात, तसंच. मी मेलो तरी नाव राहील. नाहीतर माझं नाव घ्यायला मागे आहे कोण...?”

शेवटचं त्याने अगदी पुटपुटल्यासारखं म्हटलं. म्होरीला नेमकं तेच ऐकू गेलं. बहिऱ्या माणसांचं काही सांगता येत नाही.

“ती गाठ माझी नव्हे,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“तुझ्याहून लहान होते मी. याच वाळूत कळकाच्या बांबूचा एक तुकडा येऊन लागला. इकडचा नव्हे. एवढा जाड कळक आपल्याकडे कुठला? त्याला दोर होता आणि दोराला ती गाठ. भिजली की जास्तच आवळणारी. मी उकलली, पुन्हा मारली. उकलली, पुन्हा मारली. खायचंप्यायचं सुचेना मला.”

“मग लोक तुझी का म्हणतात?”

“सांगून थकले रे. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?”

“पण मग कुणाची ती? नाव काय त्याचं?”

“नाव नाही आलं. गाठ तेवढी आली.”

केलूला हे मुळीच आवडलं नव्हतं.

“मग तू काय केलंस?”

“काय करणार? ओरडले. ‘पोचलं रेऽ’ म्हणून. घसा बसेपर्यंत ओरडले.”

त्या किनाऱ्यावर तशी रीतच होती. वाहून आलेलं काही उचललं, मग तो ओंडका असो की कुठलं अनोळखी फळ असो, की समुद्राकडे तोंड करून हाक द्यायची, ‘पोचलं रेऽ!’ पोरंसोरंसुद्धा द्यायची. फक्त केलू द्यायचा नाही. त्या वादळानंतर त्याने एकदाही दिली नव्हती.

“मी नाही ओरडणार कधी,” तो म्हणाला. “त्या समुद्राचे कसले उपकार मानायचे? माझी माणसं गिळली त्याने.”

म्होरीने कानामागचा हात खाली घेतला आणि त्याच्याकडे वळून पाहिलं.

“समुद्राला?”

“मग?”

“समुद्राला कुठली रे हाक? कुणी सांगितलं तुला हे?”

“सगळेच म्हणतात.”

“सगळे खुळे आहेत. अरे, ज्याने सोडलं त्याला हाक. पलीकडे कुठेतरी उभा असेल ना तो बिचारा जीव टांगणीला लावून, पोचलं की बुडलं म्हणून...”

केलूने समुद्राकडे पाहिलं. पलीकडे काही दिसत नव्हतं. कधीच दिसत नसे.

म्होरीने हात पुढे केला.

“आण तो गळ इकडे.”

शिकणं पुरं झालं की हातचं पहिलं चांगलं काम शिकवणाऱ्याला द्यायचं, हीही तिथली रीतच. केलूने गळ दिला. आता संध्याकाळी म्हातारी तो सगळ्यांना दाखवील, आपलं नाव घेईल, या विचाराने त्याने मान ताठ केली.

कातळामागे वाळलेले भोपळे पडलेले असत. पाण्यासाठी ठेवलेत, असंच केलूला आजवर वाटायचं. म्होरीने त्यातला एक उचलला. भोक राळेने बुजवलेलं होतं. तिने त्याच्या मानेला दोर आवळला, दोराच्या टोकाला त्याच गाठीने गळ बांधला, भोपळा पाण्यात ठेवला आणि पायाने हलकेच पुढे लोटला.

ओहोटीला ओढ चांगली होती.

“अगं ए म्हातारे! वेड लागलं का तुला?”

केलू धावला. गुडघाभर, कमरेभर, छातीभर पाण्यात गेला आणि दोन्ही हातांनी त्याने भोपळा कवटाळला. म्होरीने ना त्याला अडवलं, ना हाक मारली.

“कुणालाही सापडेल हा!” तिथूनच तो ओरडला.

“काय?”

“म्हटलं, कुणालाही सापडेल!”

“हो की!”

“ते असाच गळ करतील! तिथे माझं नाव कोण घेणार?”

“कुणी नाही घेणार!”

“मग?”

“तुला पुन्हा करता येईल ना?”

“येईल की! न यायला काय झालं?”

म्होरीने पुन्हा कानामागे हात धरला.

भोपळा केलूच्या हातांत ओढ घेत होता. त्याने गाठ चाचपली. भिजून ती आवळत चालली होती. उकलायची कशी ते त्याला ठाऊक होतं; एक पीळ मागे सारला की झालं. आजीने शिकवलं होतं. आजीला...?

कुणीतरी असंच छातीभर पाण्यात उभं राहिलं असेल. हातातून सोडताना त्याचाही जीव खालीवर झाला असेल. बाई होती की बाप्या, तेही आता कळायचं नाही. आणि त्या माणसाची गाठ केलू रोज मारत होता. होडी बांधताना, जाळं बांधताना, झोपडीचा वासा बांधताना. आणि एवढ्या दिवसांत एकदाही त्याने त्या माणसाला हाक दिली नव्हती.

केलूला एकदम रडू आलं. समुद्रात रडण्याची एक सोय असते, वेगळं काही ओलं होत नाही.

त्याने गाठ उकलली नाही. दातांनी दोर धरून ती आणखी आवळली. मग भोपळा पाण्यावर ठेवला आणि हात काढून घेतले.

निथळत तो परत आला. भोपळा लाटेवर वर यायचा, खाली जायचा. मग वर आलेला दिसेना.

केलूने तोंडाभोवती हात धरले. छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरून घेतला.

“पोचलं रेऽऽ! गाठ पोचलीऽऽ!”

कड्यावरचे पक्षी उडाले. म्होरीने डोळे पुसले.

मग केलूनेही कानामागे हात धरला, अगदी तिच्यासारखा. दोघं तशीच राहिली. ती कातळावर, तो खाली वाळूत. पाणी आणखी मागे गेलं.

“काहीच ऐकू येत नाही, आजी.”

“मला तरी कुठे आलंय इतक्या वर्षांत...” म्होरी म्हणाली. “ये, वर बस. सरकते मी.”