चौऱ्याण्णव बंद ढोल्या

पूर्वी वेलापूर नावाच्या बंदरात सुषेण राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. नाव इंद्रपालित. माणूस चोख, शब्दाला पक्का, आणि त्याचाच थोडा अभिमान बाळगणारा. बोधिसत्त्व झाला म्हणून काय झाले, चुकायचे राहते थोडेच!

नगरासमोर समुद्रात एक रानबेट होते. तिथला धनेश पक्षी साऱ्या पृथ्वीवर दुसरीकडे कुठेही नव्हता. या पक्ष्याची रीत मोठी नवलाची. विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून चिखलाने दार लिंपून घेते. चोच बाहेर काढण्यापुरती फट तेवढी ठेवते. नर दिवसभर उंबरे आणून तिला भरवतो. पिले मोठी झाली की ती दार फोडून बाहेर येते. बेटावरचे लोक अशा ढोलीला बाळंतिणीची खोली मानत. शंभर पावलांच्या आत कोणी फिरकत नसे, अमात्यही नाही.

तो दर वर्षी विणीत होडीने जाई, लांबूनच लिंपलेल्या ढोल्या मोजी आणि आकडा राजाला सांगे. ढोल्या साठाहून जास्त भरल्या तर नरांची शिकार खुली, असा नियम त्यानेच घालून दिला होता. सैनिकांना शिरस्त्राणावर धनेशाची चोच मिरवायची भारी हौस. चार नर गेले म्हणून काय बिघडते, घरे तर वाढतच आहेत, असे सगळे म्हणत. आणि आकडा खरोखरच वाढत होता.

यंदा ढोल्या भरल्या चौऱ्याण्णव. इंद्रपालिताला कोण आनंद! नव्वदी ओलांडली तर महामात्यपद तुझे, असे राजाने कबूल केले होते. मनातल्या मनात मांडे खात तो होडीकडे निघाला. वाटेत बेटावरची म्हातारी सुईण कुरंगी उंबराखाली बसली होती. भोवती पिकल्या उंबरांचा सडा पडला होता, खायला कोणी आले नव्हते. त्याने तिला मोठ्या कौतुकाने आकडा सांगितला.

ती म्हणाली, "बाळंतिणी चौऱ्याण्णव. आणि त्यांना जेवू घालणारे किती दिसले, बाबा?"

इंद्रपालित हसून बोटांवर मोजू लागला. तीन दिवस त्याने रान पालथे घातले होते. नर दिसले होते जेमतेम चार.

तो तसाच मागे फिरला. शंभर पावलांची मर्यादा ओलांडून तो पहिल्या झाडावर चढला आणि फटीला कान लावला. आत हालचाल नाही. दार विटेसारखे टणक झाले होते, एका वर्षाचे नव्हेच ते. त्याने ते फोडून हात आत घातला. हाताला हाडे लागली. मोठी हाडे, आणि त्यांच्याखाली दोन इवल्या कवट्या.

दुसऱ्या झाडावर तेच. तिसऱ्यावर तेच. नर मारला गेला की मादी आत वाट पाहत राहायची. पिसे गळालेली, उडता येत नाही, पिलांना टाकवत नाही. ती उपाशी मरायची आणि दार मात्र बंदच राहायचे. पुढच्या वर्षी अमात्य यायचा आणि तेही दार मोजायचा. वाढत होता तो आकडा मेलेल्यांचा होता.

बेटकऱ्यांना हाताशी धरून त्याने दोन दिवसांत सगळ्या ढोल्या तपासल्या. फटीतून चोच बाहेर आली अशा निघाल्या चार. त्यातल्या चौथीचा नर काही येईना. तेव्हा होडीवरचा नावाडी चाचरत पुढे आला. निघायच्या दिवशी सकाळी आम्हीच एक मारला, म्हणाला. महामात्य होणार म्हणून तुमच्याच शिरस्त्राणासाठी चोच ठेवली आहे. त्याने फडक्यातली चोच पुढे केली. अमात्याने ती घेतली नाही.

त्या घडीपासून तो स्वतःच त्या झाडावर चढून मादीला उंबरे भरवू लागला. राजाचे बोलावणे आले, दुसरे आले. तो गेला नाही. शेवटी राजा चिडून बेटावर उतरला, तर त्याचा अमात्य उपरण्यात उंबरे बांधून फांदीवर बसलेला! याला वेड लागले, असेच राजाला वाटले. इंद्रपालित खाली आला आणि त्याला एका बुटक्या झाडाच्या फुटलेल्या ढोलीपाशी घेऊन गेला. राजाने आत हात घातला आणि विंचू डसावा तसा मागे ओढला.

"मग आहेत तरी किती?" राजाने विचारले.

"चार घरे, महाराज. उरलेली नव्वद माझ्या नियमाने मारली. मला पद नको. शिकार आजच बंद करा. नाहीतर पुढे मी तुम्हाला पुरता शंभरचा आकडा आणून देईन आणि त्यात एकही जीव नसेल."

राजाने तिथेच शिकारबंदीची आज्ञा दिली. पाच आठवड्यांनी चौथ्या ढोलीचे दार आतून फुटले आणि मादी पिलासह बाहेर आली.

एवढी कथा भिक्षूंना सांगून भगवान शास्ता थांबले. समोर विहाराची व्यवस्था पाहणारा भिक्षू मान खाली घालून बसला होता. कुट्यांची दारे बंद पाहून सगळे ध्यानात आहेत, असे त्याने कळवले होते, आणि एका कुटीत एक आजारी भिक्षू तीन दिवस पाण्यावाचून पडून होता; आज एका भिक्षुणीने दार ठोठावले तेव्हा ते कळले.

शास्ता म्हणाले, "भिक्षू, तो राजा तू होतास. आज ज्या भिक्षुणीने ते दार ठोठावले, ती कुरंगी होती. चौथ्या ढोलीतली माता म्हणजे तो आजारी भिक्षू. आणि लांबून मोजणारा तो अमात्य मी होतो. त्या जन्मी मला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, साधली, पण नव्वद घरे गेल्यावर."