डुकरउताराचं बारसं

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. म्हणजे निम्मी तरी आहे.

फार वर्षांपूर्वी, इंग्रज जमीन मोजत हिंडायचे तेव्हा, आमच्या गावात धुरपाआत्या राहायची. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. धुरपाआत्यानं ज्याच्या कानात नाव सांगितलं, तो म्हातारा होईपर्यंत साधा शिंकायचाही नाही, असं म्हणतात. म्हणून ती अख्ख्या गावाची आत्या.

गावाचं नाव डुकरउतार. रानडुकरं नदी ओलांडायची ती इथूनच. ह्या नावापायी रंगराव पाटलांच्या लेकीची तीन स्थळं मोडली. पाटलांना चारचौघांत मान वर करायची लाज वाटायची. मोजणीचा साहेब आला, तसे ते म्हणाले, "साहेब, नकाशावर दुसरं काहीतरी लिहा. तुमच्या गावाचं नाव लिहा."

"स्विनफर्ड?" साहेब खूश झाला.

सगळ्यांना ते भारी वाटलं. पण नवं नाव म्हणजे बारसं आलं. घुगऱ्या शिजल्या. डोंगरात एक गुहा आहे, तो गावाचा कान. आत्या गुहेला तोंड लावून थांबली.

"ह्याचा अर्थ काय?"

"आत्या, इंग्रजी आहे. अर्थ कशाला पाहिजे?" पाटील म्हणाले.

"अर्थ न विचारता मी वासराचंसुद्धा नाव ठेवलं नाही, रंगा."

साहेबाला मोडकंतोडकं मराठी यायचं. "फर्ड, नदीचा उतार," तो म्हणाला. "स्विन, डुक्कर. हजार वर्षं हेच नाव. आईच्या पत्रावर असतं. छान गाव."

पाटलांनी उपरण्यात तोंड लपवलं. गावभर इतकी लाज पसरली की म्हशी काळ्या पडल्या. त्याआधी त्या पांढऱ्या होत्या, असं म्हणतात. मी पाहिलेल्या नाहीत.

"त्याला त्याच्या डुकराची लाज नाही," आत्या म्हणाली, "आणि आपण त्याचं डुक्कर घ्यायला आपलं डुक्कर टाकत होतो."

मग तिनं गुहेत जुनंच नाव सांगितलं. डोंगरानं हुंकार दिला, असं म्हणतात.

चौथं स्थळ आलं तेव्हा पाटलांनी गावाचं नाव स्वतः मोठ्यानं सांगितलं. तेही मोडलं. पाचवं जमलं. त्या नवऱ्याच्या गावाचं नाव आमच्याहून वाईट होतं.

अजून दर माघात धुरपाआत्याच्या नावानं गुहेपुढं घुगऱ्या वाटतात. ज्यानं खाल्ल्या, त्यानं आपल्या गावाचं खरं नाव गुहेत ओरडून सांगायचं.

तुम्ही घुगऱ्या दोनदा घेतल्यात, मी बघितलं. आता उठा, आणि गुहेत सांगायचं ते नाव सांगा. जवळच्या शहराचं नाव चालत नाही.