कोंढारीच्या कोर्टाचं ठेंगणं दार

वाका, वाका! आधी वाका, मग बघा. परवाच एका वकीलसाहेबांच्या कपाळाला टेंगूळ आलंय.

हे आमचं कोंढारीचं नवं कोर्ट. काचा काय, लिफ्ट काय, छतातून येणारा उजेड काय! आणि दार हे असं, ऐसपैस रुंद पण ठेंगणं. मी जुन्या कोर्टापासून इथं पट्टेवाला म्हणून जन्म घालवला. जो येतो तो विचारतो, "मामा, आर्किटेक्ट बाईंचं माप चुकलं का?" चुकतंय कशाला! ऐका.

पूर्वी इथं चावडी होती, असं सांगतात. पंच घोंगडीवर बसत आणि भानजी देशमुख थेट घोड्यावरून आत येई. वर बघून बघून पंचांच्या माना अवघडत, अन् निकाल त्याच्याच बाजूने लागे. त्यानं साळू कुंभारणीची मातीची खाण बळकावली. माती नाही तर चाक नाही, चाक नाही तर चूल नाही. साळूनं देवीला सांगितलं, "आई, तुझ्यापुढं वाकले ती वाकले. आता खाण मिळेपर्यंत कुणापुढं मान खाली घालायची नाही."

त्याच पावसाळ्यात चावडीची भिंत बसली. नवी उभारायची पाळी कुंभारांची आणि दार आलं साळूच्या वाट्याला. मोजायला तिच्यापाशी कुठला गज? भिंतीला पाठ लावून उभी राहिली अन् डोक्याशी रेघ ओढली. बाई म्हणे इतकीशीच होती.

निवाड्याच्या दिवशी देशमुख दारात अडला. पंच म्हणाले, "उतरा."

"आमच्या सात पिढ्या उतरल्या नाहीत!"

आत कडब्याची पेंढी पडलेली. घोड्यानं मान खाली घातली आणि गेला की सरळ आत! देशमुख राहिला चौकटीला लोंबकळत. गाव हसून हसून लोळलं. शेवटी म्हणे तोही हसला, खाली उतरला अन् वाकून आत आला. पंचांनी पहिल्यांदाच त्याच्या नजरेला नजर दिली आणि खाण साळूला परत दिली.

नव्या कोर्टाच्या नकाशात आर्किटेक्ट बाईंनी उंच कमान काढली होती. गाव अडून बसलं, दार साळूच्याच मापाचं हवं. बाईंनी गोष्ट ऐकली, चाकाच्या खुर्चीसाठी रुंदी वाढवली आणि उंची तेवढीच ठेवली.

आजही इथं जज्जसाहेब वाकतात, आमदार वाकतात. गेल्या तारखेला एक म्हातारी आली, जमिनीच्या भांडणाची. पायरीवरच मान खाली घालून उभी होती, दार बघून आणखी वाकली. मी म्हटलं, "आजी, सरळ चाला. हे तुमच्याच मापाचं आहे."

ताठ मानेनं आत गेली हो!